खिळा, शिळा आणि काच : स्वरलिपीच्या ॲपची निवड आणि तिचा पूर्वेतिहास

सारांश

फोनवर वा टॅबलेटवर स्वरलिपी वाचण्यासाठी कोणते ॲप घ्यावे, हा प्रश्न आज संगीताच्या विद्यार्थ्यापुढे व शिक्षकापुढे नित्य उभा राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे मुद्रणाच्या इतिहासाच्या अंगाने पाहिले आहे. स्वरलिपी छापण्याच्या दोन जुन्या वाटा, म्हणजे सुट्या खिळ्यांची आणि शिळाछापाची, आजच्या ॲपमध्येही निराळ्या रूपाने चालू आहेत. पलुस्कर अथवा भातखंडे लिपीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याने त्यांपैकी कोणती वाट धरावी, याचे उत्तर या इतिहासात सापडते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : स्वरलिपी, स्टाफ नोटेशन, मुद्रण, शिळाछाप, भातखंडे, पलुस्कर, ॲप.

१. प्रास्ताविक

संगीताच्या वर्गात पूर्वी वही असे, आज वहीच्या जोडीला फोन असतो. गुरूंनी सांगितलेली बंदिश कोणी वहीत उतरवते, कोणी त्या पानाचे छायाचित्र घेऊन मित्रांना पाठवते, तर कोणी जुने पुस्तक स्कॅन करून टॅबलेटवर उघडते. अशा पानांची संख्या वाढली की ती नीट लावून ठेवणारे साधन हवेसे वाटते आणि ॲपचा शोध सुरू होतो. हा शोध बहुधा किंमत, इतरांनी दिलेले तारे आणि जाहिरातीतील चित्रे यांच्यापाशी थांबतो. परंतु मूळ प्रश्न याहून जुना आहे. कोणती लिपी कोणत्या माध्यमात नीट बसते? पानावर हक्क कोणाचा? माध्यम बदलले तर जुने पान हाती उरते का? स्वरलिपी हाताने लिहिण्याऐवजी छापली जाऊ लागली तेव्हापासून हे तीन प्रश्न पुन्हापुन्हा उपस्थित झाले आहेत. त्यांची वाटचाल पाहिल्यास आजची निवड अधिक डोळसपणे करता येईल, या भूमिकेतून पुढील विवेचन केले आहे.

२. खिळा आणि शिळा : युरोपातील दोन वाटा

युरोपीय स्वरलेखनाच्या इतिहासात इटलीतील आरेझो येथील गीदो या धर्मसाधकाचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. अकराव्या शतकाच्या पहिल्या अर्धात त्याने आडव्या रेषांवर व रेषांमधील जागेत स्वर मांडण्याची पद्धत सुस्थिर केली. त्यामुळे पूर्वी कधी न ऐकलेली चालही पान पाहून गाता येऊ लागली. मात्र पुढील सुमारे पाच शतके ही पाने प्रामुख्याने हातानेच लिहिली जात होती.

१५०१ साली व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची याने सुट्या खिळ्यांच्या साहाय्याने बहुस्वरी रचनांचा पहिला मुद्रित संग्रह प्रसिद्ध केला. त्याची छपाई देखणी होती. पण रेषा, स्वर आणि शब्द यांसाठी तोच कागद यंत्राखालून एकाहून अधिक वेळा काढावा लागे. दाब किंचित सरकला की स्वराची जागा बदले आणि अर्थही बदले. पॅरिसच्या प्येर आतेन्याँ याने १५२८ च्या सुमारास यावर तोडगा काढला. त्याच्या प्रत्येक खिळ्यावर स्वराबरोबर रेषांचा छोटा तुकडाही कोरलेला असे. त्यामुळे एकाच दाबात पान छापले जाऊ लागले. सांध्यांवर रेषा तुटक दिसत, परंतु काम झपाट्याने होई आणि पुस्तक स्वस्त पडे. अठराव्या शतकाच्या मध्यावर लाइपझिगच्या ब्राइटकोप्फ याने याच पद्धतीला अधिक सूक्ष्म रूप दिले.

खिळ्यांच्या या वाटेची एक मर्यादा मात्र कायम राहिली. जे चिन्ह ओतलेले आहे तेच छापता येते. एकाच वेळी अनेक स्वर वाजणाऱ्या कळफलकाच्या वाद्यांची रचना अशा खिळ्यांनी मांडणे जड जाई. म्हणूनच धातूच्या पत्र्यावर कोरून छापण्याची पद्धत दीर्घकाळ तिच्या शेजारी टिकून राहिली.

दुसरी वाट शिळेची होती. बव्हेरियातील आलोइस झेनेफेल्डर याला नाटके छापून घेण्याचा खर्च परवडत नव्हता. स्वस्त साधनाच्या शोधात तो दगडाकडे वळला आणि १७९६ साली ग्लाइसनर या संगीतकाराची गीते त्याने दगडावरून छापली. पुढील दोनेक वर्षांत तेल व पाणी यांच्या परस्परविरोधावर आधारलेली सपाट शिळाछापाची पद्धत त्याला साधली. आरंभीच स्वरलिपीच्या कामी आलेले हे तंत्र पुढे नकाशे, चित्रे आणि ग्रंथ यांसाठी जगभर पसरले. महाराष्ट्राशीही त्याचा निकटचा संबंध आहे. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली छापलेले मराठी पंचांग शिळाछापावरचेच होते.

या दोन वाटांतील भेद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कळीचा आहे. खिळ्याला लिपी कळावी लागते, शिळेला ती कळावी लागत नाही. शिळेवर जे उमटेल ते जसेच्या तसे कागदावर येते, मग ते स्टाफ नोटेशन असो, मोडी असो की एखाद्याचे हस्ताक्षर असो. उलटपक्षी, शिळेवरचे पान केवळ पाहता येते. खिळे मात्र सोडवून पुन्हा नव्याने जुळवता येतात.

३. महाराष्ट्रातील स्वरलिपी : एक बिंदू, दोन अर्थ

हिंदुस्थानी संगीत गुरुमुखातून शिकण्याची परंपरा दीर्घ आहे. चीज लिहून घेणे कमीपणाचे मानले जाई, आणि लिहिलेली वही दुसऱ्याच्या हाती पडू नये याची दक्षताही घेतली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही स्थिती बदलू लागली. १८७४ साली पुण्यात गायन समाजाची स्थापना झाली. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्ष यांची गायनशाळा सुरू झाली आणि तेथे स्वरलिपीच्या आधारे शिक्षण दिले जाऊ लागले. संगीत शाळेत शिकवायचे तर पाठ्यपुस्तक हवे आणि पाठ्यपुस्तक हवे तर छापता येईल अशी लिपी हवी, ही गरज यातून स्पष्ट झाली.

ती गरज दोन विष्णूंनी आपापल्या परीने भागवली. कुरुंदवाड येथे जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. विद्यालयासाठी त्यांनी ‘संगीत बालप्रकाश’, ‘राग प्रवेश’ यांसारखी स्वरलिपीबद्ध पुस्तके सिद्ध केली. मुंबईच्या वाळकेश्वर भागात १८६० साली जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे यांनी ठिकठिकाणच्या गायकांकडून चिजा मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ या सहा भागांच्या मराठी ग्रंथमालेत त्या लिपीबद्ध केल्या. घराण्यांच्या तिजोरीत बंद असलेला ठेवा त्यामुळे सामान्य विद्यार्थ्याच्या टेबलावर आला.

या दोन्ही लिपी देवनागरी अक्षरांवर उभ्या आहेत, तरीही त्या एक नाहीत. भातखंडे लिपीत स्वराच्या डोक्यावरील बिंदू तार सप्तक दाखवतो आणि पायाखालील बिंदू मंद्र सप्तक दाखवतो. पलुस्कर लिपीत डोक्यावरील बिंदू मंद्र सप्तकाचा असून तार सप्तकासाठी उभी रेघ योजली आहे. भातखंडे कोमल स्वराखाली आडवी रेघ देतात आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ देतात. पलुस्कर कोमल स्वरासाठी हलन्तासारखे चिन्ह वापरतात. समेसाठी एकीकडे फुली आहे तर दुसरीकडे एकाचा आकडा. थोडक्यात, तोच बिंदू आणि तीच रेघ दोन पानांवर परस्परविरुद्ध अर्थ सांगू शकते. म्हणूनच संगीताच्या परीक्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला दोन्ही लिपींचा परिचय करून द्यावा लागतो.

याच काळात आणि याच प्रदेशात स्टाफ नोटेशनही नांदत होते. गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांमधून ते पिढ्यानपिढ्या शिकवले जाई. त्या परंपरेत तयार झालेले वादक विसाव्या शतकात मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस, तसेच शंकर-जयकिशन यांच्या अनेक गीतांचे वाद्यवृंद संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसूझा ही यातील ठळक नावे होत. सरगमच्या अंगाने विचार करणाऱ्या संगीतकाराची चाल आणि वादकांपुढील रेषांचे पान यांमधील दुवा असे संयोजक असत. तेव्हा लिप्यंतराचे काम माणूस करीत होता. आज तेच काम आपण ॲपकडून अपेक्षितो आणि अडचण तेथूनच सुरू होते.

४. संगणकावरील खिळा

संगणकावर स्वरलिपी जुळवण्याचे प्रयोग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लेलंड स्मिथ यांची ‘स्कोर’ ही प्रणाली त्यांतील आरंभीची म्हणता येईल. १९८८ साली ‘फिनाले’ आले, १९९३ साली इंग्लंडमधील फिन बंधूंचे ‘सिबेलियस’ आले. पुढे ‘म्यूझस्कोर’ हे विनामूल्य व मुक्त स्रोताचे साधन विकसित झाले आणि २०१६ साली ‘डोरिको’ अवतरले. २०२१ पासून ते आयपॅडवरही मिळते. ही सारी साधने खिळ्याच्या वाटेवरील आहेत. त्यांच्या दृष्टीने पान म्हणजे स्वर, काल आणि मात्रा यांची माहिती असते. म्हणून ती पान वाजवून दाखवू शकतात, पट्टी बदलू शकतात आणि एका वाद्याचा भाग वेगळा काढू शकतात.

परंतु हा खिळा स्टाफ नोटेशनचा आहे. त्याला पाच रेषा कळतात; समेची फुली, खालीचे शून्य आणि एका मात्रेतील स्वरांना कवेत घेणारा अर्धचंद्र कळत नाही. देवनागरीतील ‘ग’ हे अक्षर अशा साधनात फार तर शब्द म्हणून लिहिता येते, स्वर म्हणून त्याला ओळख नसते. आतेन्याँच्या खिळ्यांत जे ओतले नव्हते ते जसे छापता येत नव्हते, तसाच हा प्रकार आहे.

येथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. पट्टी बदलून देणे हा या साधनांचा मोठा गुण मानला जातो. स्टाफ नोटेशनमध्ये रेषेवरील स्वराची उंची ठरलेली असते. गायकाला चाल वर वा खाली न्यायची झाल्यास सारे पान नव्याने लिहावे लागते. सरगममध्ये ही अडचण मुळातच नाही. षड्ज काळी एकचा असो वा काळी चारचा, पानावरचे ‘सा’ तेच राहते. तेव्हा सरगम वाचणाऱ्याने ज्या सोयीसाठी पैसे मोजायचे, ती सोय त्याच्या लिपीने त्याला आधीच दिलेली असते.

खिळ्याच्या वाटेवर दुसरा धोका आहे तो मालकीच्या साच्याचा. प्रत्येक निर्मात्याने आपली फाइल आपल्याच साधनात उघडावी अशी रचना केली, की साधन संपले म्हणजे पानही संपते. हा धोका काल्पनिक नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘फिनाले’चा विकास थांबवल्याची घोषणा झाली. सुमारे पस्तीस वर्षांच्या काळात जगभरच्या संगीतकारांनी आणि शिक्षकांनी त्यात जुळवलेली पाने दुसरीकडे हलवण्याची वेळ आली. त्या प्रसंगी कामी आले ते २००४ साली मायकेल गुड यांनी सिद्ध केलेले ‘म्युझिकएक्सएमएल’ हे सर्वांसाठी खुले असलेले स्वरूप. ज्यांनी आपली पाने वेळीच त्या स्वरूपात काढून ठेवली होती, त्यांना दुसऱ्या साधनाकडे वळणे सोपे गेले.

५. काचेवरील शिळा

१९९३ साली प्रचारात आलेले पीडीएफ हे स्वरूप म्हणजे एका अर्थाने संगणकावरील शिळाछापच होय. पान जसे आहे तसे ते जपते, त्यातील लिपीचा अर्थ लावण्याच्या भानगडीत पडत नाही. या पानांना काचेवर आणण्याचे प्रयत्न टॅबलेटच्या आधीच सुरू झाले होते. अमेरिकेतील बोरोमिओ चतुष्ट्याचे वादक कागदाऐवजी संगणकाचा पडदा आणि पायाने दाबायची कळ वापरू लागले होते. २०१० साली आयपॅड बाजारात आला आणि त्याच वर्षी ‘फोरस्कोर’ हे ॲपही आले. अँड्रॉइड उपकरणांसाठी ‘मोबाइलशीट्स’ तयार झाले. २०१२ साली ब्रसेल्स फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने टॅबलेटवरून वादन करून दाखवले.

या ॲपचे कार्य स्थूलमानाने सारखेच आहे. पाने रांगेने लावणे, नावाने शोधणे, कार्यक्रमाच्या क्रमाने मांडणे, पानावर बोटाने वा लेखणीने खुणा करणे, पायाच्या कळीने पान उलटणे आणि पानाला ध्वनिफीत जोडणे ही त्यांची मुख्य अंगे होत. त्यांना सरगम कळत नाही, तसेच स्टाफ नोटेशनही कळावे लागत नाही. नेमके हेच हिंदुस्थानी संगीताच्या विद्यार्थ्याच्या पथ्यावर पडते. भातखंड्यांचे छापील पान, पलुस्कर परंपरेतील जुनी पुस्तिका आणि गुरूंच्या हस्ताक्षरातील वही या तिन्हींना तेथे समान स्थान मिळते.

आकाराचा विचारही येथे ओघाने येतो. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर उंच असतो. १२.९ इंची टॅबलेटचा पडदा सुमारे १९७ बाय २६२ मिलिमीटर भरतो, म्हणजे कागदाच्या जवळ जातो. सर्वसाधारण फोनचा पडदा जेमतेम ६५ मिलिमीटर रुंद असतो. तीनतालाच्या एका आवर्तनाच्या सोळा मात्रा एका ओळीत मांडल्या तर फोनवर प्रत्येक मात्रेच्या वाट्याला सुमारे ४ मिलिमीटर जागा येते, टॅबलेटवर ती सुमारे १२ मिलिमीटर होते. चार मिलिमीटरच्या जागेत कोमल स्वराची रेघ आणि मंद्राचा बिंदू यांतील फरक डोळ्याला सहज टिपता येत नाही. फोन आडवा धरल्यास ही जागा जवळपास दुप्पट होते. म्हणून फोन हे पान आठवण्याचे साधन म्हणून ठीक आहे, समोर ठेवून बसण्यासाठी टॅबलेटच हवा.

६. पानाची मालकी

स्वरलिपीच्या पानावर हक्क कोणाचा, हा वादही नवा नव्हे. पेत्रुच्चीने १४९८ सालीच व्हेनिसच्या शासनाकडून वीस वर्षांचा एकाधिकार मिळवला होता. इंग्लंडमध्ये १५७५ साली एलिझाबेथ राणीने टॅलिस आणि बर्ड या दोन संगीतकारांना संगीत छापण्याचा, इतकेच नव्हे तर स्वरलेखनाचा रेषांकित कागद छापण्याचाही, एकवीस वर्षांचा हक्क दिला. कोऱ्या रेषांवरही मालकी असू शकते, हे यातून दिसते. १७७७ साली योहान क्रिस्टियान बाख यांच्या दाव्यात इंग्लिश न्यायालयाने मुद्रित संगीत हे कायद्याच्या दृष्टीने लेखनच होय, असा निर्णय दिला आणि रचनाकाराचा हक्क मान्य झाला.

अलीकडचा प्रसंग अधिक बोलका आहे. २००६ साली सुरू झालेल्या ‘आयएमएसएलपी’ या मुक्त संगीतग्रंथालयाला ऑक्टोबर २००७ मध्ये व्हिएन्नाच्या एका प्रकाशनसंस्थेच्या नोटिशीमुळे काम थांबवावे लागले. कॅनडात तेव्हा लेखकाच्या निधनानंतर पन्नास वर्षे हक्क टिके, युरोपात सत्तर. एका देशात मुक्त असलेले पान दुसऱ्या देशात बद्ध होते. २००८ च्या मध्यावर हे ग्रंथालय पुन्हा खुले झाले आणि आज पाश्चात्त्य अभिजात संगीताची असंख्य पाने तेथून विनामूल्य मिळतात.

भारतात ही मुदत निधनानंतर साठ वर्षांची आहे. भातखंडे १९३६ साली निवर्तले, पलुस्कर १९३१ साली. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले मूळ ग्रंथ त्यामुळे आज मुक्त आहेत. मात्र त्यांचे पुढील काळात झालेले अनुवाद आणि नव्या संपादनातील भर यांचे हक्क स्वतंत्र असू शकतात, हे विसरता कामा नये. गुरूंच्या वहीचे छायाचित्र काढताना तर कायद्याआधी गुरूंची अनुमती येते.

७. निवडीचे निकष

वरील विवेचनातून ॲपच्या निवडीसाठी पुढील निकष हाती लागतात.

पहिला निकष लिपीचा. पियानो, व्हायोलिन अथवा पाश्चात्त्य समूहगान शिकणाऱ्याने, विशेषतः ज्याला स्वतः रचना लिहायची आहे त्याने, लिपी जाणणारे साधन घ्यावे. कंठसंगीत, हार्मोनियम, सतार अशा विषयांच्या विद्यार्थ्याने पान जसेच्या तसे दाखवणारे साधन घ्यावे. लिपीचा विचार न करता महागडे स्वरलेखन-ॲप घेणे म्हणजे दुसऱ्याच्या भाषेचे खिळे विकत घेणे होय.

दुसरा निकष परतीच्या वाटेचा. ॲपमध्ये टाकलेले पान, त्यावरील खुणांसह, पीडीएफ म्हणून बाहेर काढता येते का? लिपी जाणणारे साधन असल्यास म्युझिकएक्सएमएलची सोय आहे का? या प्रश्नांचे उत्तर नकारार्थी असेल, तर इतर सर्व गुण व्यर्थ मानावेत.

तिसरा निकष मूल्याचा. एकदा किंमत देऊन घेतलेले साधन आणि दरमहा वर्गणी मागणारे साधन यांत तत्त्वतः अंतर आहे. वर्गणी थांबल्यावर आपली पाने आपल्याला उघडता येतील की नाही, हे आरंभीच पाहावे. बैठकीच्या जागी नेटवर्क नसले तरी पान उघडले पाहिजे, ही अपेक्षाही रास्त आहे.

चौथा निकष ध्वनीचा. हिंदुस्थानी संगीतापुरता तो कदाचित सर्वांत महत्त्वाचा ठरावा. दरबारी कानडा आणि भीमपलासी या दोन्ही रागांतील गंधार पानावर एकाच चिन्हाने लिहिला जातो. पण दरबारीचा आंदोलित गंधार आणि भीमपलासीचा गंधार एक नव्हेत, हे कानाने ऐकल्यावाचून कळत नाही. लिपी हा सांगाडा आहे. ज्या ॲपमध्ये बंदिशीच्या पानालाच गुरूंच्या आवाजातील ध्वनिफीत जोडता येते, त्याने विसाव्या शतकातील छापील पुस्तकाची एक मोठी उणीव काही अंशी भरून काढली, असे म्हणावे लागेल.

८. समारोप

माध्यम बदलले की स्वरलिपीचे काही साधते आणि काही निसटते. खिळ्याने वेग दिला पण चिन्हे मोजकी ठेवली, शिळेने कोणतेही हस्ताक्षर स्वीकारले पण ते केवळ पाहण्यापुरते. भातखंडे आणि पलुस्कर यांनी तिजोरीतील चीज पानावर आणली, परंतु पानात न मावणारा भाग गुरूच्या कंठातच राहिला. काचेवरच्या पानाचीही हीच कथा आहे. भातखंडे लिपीतील स्वर, ताल आणि विभाग यांचा अर्थ जाणणारे व त्याच वेळी खुल्या स्वरूपात पान बाहेर देणारे साधन सर्वमान्य होईपर्यंत मराठी विद्यार्थ्याने शिळेचीच वाट धरणे इष्ट होय. आपली पाने साध्या पीडीएफमध्ये ठेवावीत, त्यांची एक प्रत ॲपच्या बाहेर जपावी आणि प्रत्येक पानाजवळ आवाज ठेवावा. ॲप येतील आणि जातील. पेत्रुच्चीने छापलेल्या संग्रहांच्या प्रती आजही ग्रंथालयांत उघडून वाचता येतात. आपण आज फोनमध्ये साठवलेली बंदिश आणखी पन्नास वर्षांनी कोणाला तरी उघडता येईल का, हा प्रश्न निवड करतानाच स्वतःला विचारावा.